पंचवीस की बावन्न?

अध्यापक विद्यालयात शिकणाऱ्या तरुण-तरुणींना सराव पाठ घेण्यासाठी गावोगावच्या शाळांत धाडले जाते, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. कोणाची लेक, कोणाची सून पाठ टाचणाची वही काखोटीला मारून सकाळच्या मोटारीने निघते व चाळीस मुलांपुढे उभी राहते. त्या मुलांत आपलीही मुले असतात. तेव्हा हा विषय केवळ गुरुजनांचा, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये.

पाठ झाल्यावर छात्राध्यापकाने आपल्याच पाठाकडे मागे वळून पाहावे व दुसरा पाठ पहिल्याहून बरा करावा, अशी अपेक्षा असते. त्यासाठी वहीत जागाही राखलेली असते. परंतु त्या जागेत काय लिहिले जाते? ‘पाठ चांगला झाला. वेळ अपुरा पडला. काही मुलांचे लक्ष नव्हते.’ हीच तीन वाक्ये एका वहीतून दुसरीत उतरत जातात. ज्या वहीचा वाचक केवळ परीक्षक असतो, तिच्यात खरे कोण लिहिणार?

आपण एक उदाहरण घेऊ. भालकी किंवा औराद तालुक्यातील, नाहीतर आळंदकडील एखादी मराठी शाळा डोळ्यांपुढे आणावी. वर्ग दुसरीचा. छात्राध्यापिका संख्या सांगते व मुले पाटीवर लिहितात. पंचवीस म्हटले की कित्येक पाट्यांवर ५२ उमटतात, छत्तीसचे ६३ होतात, चौदाचे ४१. ‘मुले गणितात कच्ची’ एवढाच शेरा मारून ती घरी जाऊ शकते. पण तिने पाट्या गोळा करून नीट न्याहाळल्या, तर एक गोष्ट ध्यानात येईल. वीस, पन्नास बरोबर आहेत, तेहेतीस व चव्वेचाळीसही बरोबर आहेत. म्हणजे मुलांना संख्या येत नाहीत असे नव्हे. जिथे दोन अंक निराळे आहेत तिथेच ती उलटी पडतात.

याचे कारण भाषेत आहे. मराठीत आपण पाच आधी उच्चारतो व वीस नंतर. ‘पंचवीस’ कानी पडताच मूल ऐकलेल्या क्रमाने पाच लिहिते, मग दोन. हा घोटाळा पुण्याच्या मुलाचाही होतो. परंतु आमच्या सीमाभागातील मुलाची अडचण दुहेरी आहे. अंगणात व बाजारात ते कन्नड ऐकते, आणि कन्नडमध्ये पंचवीस म्हणजे ‘इप्पत्तैदु’, अर्थात वीस-पाच. तिथे ऐकलेल्या क्रमाने अंक लिहिले की उत्तर बरोबर येते. तीच सवय मराठीत आणली की ते चुकते. शेजारच्या उर्दूत पुन्हा ‘पच्चीस’, म्हणजे पाच आधीच. १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्य, १९७३ पासून त्याचेच नाव कर्नाटक. राज्ये बदलली, तरी तीन भाषांचा हा शेजार मोडला नाही.

हे कळल्यावर त्या मुलीचा दुसरा पाठ निराळा होईल. ज्वारीच्या ताटांच्या काड्या घ्याव्यात, दहा-दहांच्या जुड्या बांधाव्यात, दोन जुड्या व पाच सुट्या काड्या मुलांच्या हाती द्याव्यात. मग विचारावे, ‘बाजारात हे कसे म्हणतात?’ ‘इप्पत्तैदु.’ ‘आणि आपण घरी?’ ‘पंचवीस.’ बोलण्याचा क्रम फिरला, पण जुड्या दोनच राहिल्या, हे मूल डोळ्यांनी पाहते. कन्नड येणे ही मुलाची उणीव होती, ती आता वर्गाची शिदोरी झाली.

पाठ दुसऱ्यांदा घेण्याची ही रीत नवी नव्हे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ साली सूक्ष्म अध्यापनाची पद्धत निघाली. आपल्या देशात तिचे जे रूप रुळले त्यात सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे चर्चा, बारा मिनिटे फेरआखणी, पुन्हा सहा मिनिटे पाठ व सहा मिनिटे चर्चा, असा छत्तीस मिनिटांचा फेरा असतो. तो उपयोगी आहे, परंतु बहुधा त्यात विद्यार्थी म्हणून सहाध्यायीच बसतात, आणि त्यांच्यापैकी कोणी पंचवीसचे बावन्न लिहीत नाही! म्हणूनच २०१४ च्या राष्ट्रीय नियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा करून त्यातील वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेसाठी राखले, हे आम्हांस योग्य वाटते.

रात्रीच्या प्रार्थनेपूर्वी दिवसाचा आढावा घेण्याची आपली सवय कोणास येथे आठवेल. साम्य आहे, पण भेदही आहे. तिथे आपण दोष शोधतो. वहीत शोधायचे ते कारण. ‘मी वाईट शिकवले’ असे लिहून डोळे पुसल्याने पाटीवरचे ५२ पुसले जात नाहीत.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केले. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी बालशिक्षणाचे काम आरंभिले. वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा मुलांना बोल न लावता त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यातून ‘अंगणवाडी’ उभी राहिली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.

संख्यावाचनाचा प्रश्न महाराष्ट्रातही उठला होता. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसच्या जोडीला ‘वीस पाच’ असेही वाचन दिले गेले, आणि केवढी थट्टा झाली! वाद विधानसभेपर्यंत गेला. आमच्या मते थट्टा करणाऱ्यांनी दुसरीतल्या मुलांच्या पाट्या पाहिल्या नसाव्यात. मात्र नुसते पुस्तक बदलून भागत नाही, हेही खरे. कोणते मूल कुठे अडले हे पुस्तकास दिसत नाही.

पालकांनाही येथे एक काम आहे. ‘तुमची मुलगी गणितात कच्ची आहे’ असा निरोप आला, तर मान खाली घालून परत फिरू नये. कोणते आकडे चुकतात, पाटी दाखवा, असे नम्रपणे म्हणावे. पाहुणी म्हणून आलेली छात्राध्यापिका असेल, तर घरी कोणती भाषा चालते, आजीची कोणती, हे तिला आपण होऊन सांगावे. तिच्या टाचणात ते कोठेही लिहिलेले नसते.

आणि पंचवीसची गाठ सुटली तरी तिचे काम संपत नाही. उद्याच्या पाठात ‘एकोणतीस’ येणार. त्यात नऊ ऐकूच येत नाही, ऐकू येतो तो तीस. कन्नडमध्ये मात्र सरळ वीस-नऊ. कोणी ३९ लिहील, कोणी ३१. तीन जुड्या घेऊन एक काडी काढायची, की दोन जुड्यांवर नऊ ठेवायच्या, हे तिने आज रात्रीच ठरवायला हवे.