माळ्यावरचा मेगर

आमच्या घराच्या माळ्यावर पूर्वी सुपारी आणि बी-भाताच्या कणग्या असत. आता तिथे अकरा मीटर, दोन सिग्नल जनरेटर, एक व्हॉल्व्ह टेस्टर आणि मुंबईच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपातून आणलेला ऑसिलोस्कोप आहे. ही सारी विजेची मोजमापे घेणारी जुनी यंत्रे. बहुतेक भंगाराच्या भावाने, म्हणजे किलोवर घेतलेली. आमच्या सौ. म्हणतात, लोक निवृत्तीला आले की देवदेव करतात, हे डबे गोळा करतात. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही.

मी शेतकी पदवीधर आणि नोकरीने कृषी विस्तार अधिकारी. विजेचे शिक्षण नाही. हा नाद लागला दापोलीला शिकत असताना. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काट्याचा एक पीएच मीटर होता. पावसाळ्यात तो हमखास रुसायचा. एकदा तिथल्या मदतनिसाने त्याची पाठ उघडून आतले स्विच पुसले आणि काटा पुन्हा जागेवर आला. त्या दिवशी कळले की ‘यंत्र बिघडले’ म्हणून आपण जे टाकून देतो, त्यातले बरेचसे नुसते मळलेले असते. पुढे पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो की लोक घड्याळे आणि तांब्याची भांडी पाहत, मी मीटर पाहत असे.

या मीटरांमध्ये माझा लाडका आहे तो नाशिक रोडला तयार झालेला मोटवाने मल्टिमीटर. हे मोटवाने घराणे मूळचे सिंधमधले. १९०९ साली सक्करला सुरू झालेला त्यांचा व्यवसाय पुढे मुंबईत ‘शिकागो रेडिओ’ या नावाने गाजला. काँग्रेसच्या अधिवेशनांत आणि सभांत पुढाऱ्यांचे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचत ते यांच्याच कर्ण्यांतून. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. त्या खटल्यात शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने यांनाही अटक झाली होती. पुढे ते निर्दोष सुटले, उषाबेनना मात्र चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच घराण्याच्या कारखान्यातला मीटर माझ्या पडवीत बसून माझ्या पंपाचे व्होल्ट सांगतो, याचे मला अजून अप्रूप वाटते.

अशा मल्टिमीटरांचा आजा म्हणजे इंग्लंडचा ॲव्हो. टपाल खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकेडी यांना अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजायला तीन वेगळी यंत्रे वाहून नेण्याचा कंटाळा आला. त्यांनी तिन्ही एकात बसवली. १९२३ साली तो मीटर बाजारात आला. तिन्ही शब्दांची आद्याक्षरे घेऊन त्याचे नाव पडले, आणि त्याचा वंश २००८ पर्यंत कारखान्यात तयार होत होता.

पण आज सांगायचे आहे ते मेगरबद्दल. मेगर म्हणजे हाताने हँडल फिरवून चालवायचा मीटर. आत छोटा जनरेटर असतो. हँडल ठरावीक वेगाने फिरवले की तो बहुधा ५०० व्होल्टचा दाब तयार करतो आणि तारेवरचे इन्सुलेशन धड आहे की फुटले आहे ते सांगतो. इंग्लंडच्या एव्हरशेड यांनी १८८९ मध्ये असे हातात नेता येणारे यंत्र केले आणि १९०३ मध्ये ‘मेगर’ हे नाव नोंदवले. आता कोणत्याही कंपनीच्या अशा यंत्राला वायरमन मेगरच म्हणतो.

माझा मेगर रत्नागिरीच्या एका भंगारवाल्याकडचा. “काटा कुठेही पडतो ओ, बिघडलेला आहे,” असे सांगून त्याने तो स्वस्तात दिला. मला हसू आले. जुन्या मेगरच्या काट्याला मागे ओढणारी स्प्रिंग नसतेच. हँडल फिरत नाही तोवर काटा मोकळा असतो, हवा तिथे थांबतो. तो बिघाड नव्हे. घरी आणला, माळ्यावर ठेवला, आणि ‘सवडीने उघडू’ म्हणत दोन वर्षे तसाच राहिला.

ती सवड महागात पडली. आमच्या वाडीत पलीकडच्या काकांची नारळी-पोफळीची बाग आहे. पावसाळाभर पंप बंद. दिवाळीनंतर शिंपण सुरू करायच्या आधी त्यांनी मला बोलावले. माझ्याजवळ तेव्हा खिशातला स्वस्त डिजिटल मीटर होता. मोटारीचे वाइंडिंग आणि लोखंडी अंग यांच्यामध्ये तो लावला. त्याने डावीकडे नुसता ‘१’ दाखवला, म्हणजे जोड नाही, सारे ठीक. “करा सुरू,” मी म्हणालो. चौथ्या दिवशी सकाळी त्यांची दुभती म्हैस पंपाच्या लोखंडी पाइपाला लागून मेली. त्या पाइपाजवळच काकांची नात रोज कळशी भरायला यायची. त्या दिवशी ती तापाने घरी होती.

काकांनी मला एक शब्द बोल लावला नाही. काकी तेवढ्या म्हणाल्या, “साहेब, मीटर तर बरा दावत होता ना?”

हा प्रश्न घेऊन मी त्या रात्री मेगर खाली काढला. उत्तर साधे होते आणि ते मला आधीच ठाऊक असायला हवे होते. डिजिटल मीटर ओहम मोजताना दोन-तीन व्होल्टच लावतो. पावसाळ्यात ओल खाल्लेले, भेगाळलेले वाइंडिंग तेवढ्या दाबाला गप्प राहते. स्टार्टर दाबला की त्याच भेगेवर २४० व्होल्ट येतात आणि वीज अंगावर उतरते. बंधाऱ्याची फट ओंजळभर पाण्याने कळत नाही, तळे भरल्यावर कळते. म्हणून तपासायला ५०० व्होल्टच हवेत.

मग फ्यूज का उडाला नाही? तिथे दोष अर्थिंगचा. आमच्याकडे खाली जांभा. पाऊस सरला की तो कोरडा होत जातो आणि त्यात पुरलेला गंजका रॉड नावापुरताच उरतो. समजा अर्थिंगचा रोध ४८ ओहम आहे. २४० व्होल्टला त्यातून ५ अँपिअर जातील. १५ अँपिअरचा फ्यूज त्याने कशाला उडेल? पंप चालत राहतो, पाइप जिवंत राहतो. माणसाला मारायला तर अँपिअरचा लहानसा अंशही पुरतो, आणि गुराढोरांचे पुढचे-मागचे पाय लांब असल्याने ओल्या जमिनीत पसरलेला दाबही त्यांना जास्त बाधतो.

आता दुरुस्तीकडे वळतो, कारण कोणाच्या घरात असा मेगर पडून असेल तर उपयोगी पडेल. समुद्राकाठच्या हवेने माझ्या मेगरची टर्मिनले हिरवी झाली होती आणि आतल्या पट्ट्यांवर बुरशी धरली होती. प्रथम जेवणाचे टेबल रिकामे करून त्यावर धुतलेले पांढरे फडके अंथरले. वेल्डिंगच्या किंवा लोहारकामाच्या जागी मीटर कधी उघडू नये. आत जबरदस्त चुंबक असतो, तो लोखंडाचा कीस ओढून घेतो आणि एक कण जरी फटीत अडकला तरी काटा अडतो. बुरशी मऊ ब्रशने झाडली, टर्मिनले स्पिरिटने पुसली, जनरेटरवरचे काजळलेले भाग हलक्या हाताने साफ केले, मग खोके तांदळाच्या कोरड्या डब्याशेजारी चार दिवस बंद पेटीत ठेवले. तेल कुठेही ओतले नाही. शिवणयंत्राचे तेल घालून मारलेले तीन मीटर माझ्याकडे आहेत, त्यांतला एक मी स्वतः मारला.

गंमत म्हणजे सगळे झाल्यावर काटा मध्येच चिकटू लागला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी लक्षात आले की मीच वरचे पारदर्शक झाकण कोरड्या कपड्याने घासघासून लखलखीत केले होते. घासल्याने त्यावर स्थिर वीज साठली होती आणि ती काट्याला ओढत होती. साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने एक हात फिरवला, काटा सुटला.

दुरुस्त केलेला मीटर खरे बोलतो का, हे पाहिल्याशिवाय त्यावर कोणाचा जीव टांगू नये. मी १ मेगओहमचे आणि १० मेगओहमचे नवे रेझिस्टर आणून त्यावर तपासले, मग ओळखीच्या वायरमनच्या नव्या मेगरशी ताडून पाहिले. दोघांचे बोलणे जुळले, तेव्हा आम्ही काकांच्या विहिरीवर गेलो. मेन स्विच बंद करून फ्यूज खिशात घातले, मोटारीच्या तारा स्टार्टरमधून सोडवल्या. आधी तोच डिजिटल मीटर लावला. पुन्हा ‘१’. मग मेगरचे हँडल फिरवले आणि काटा शून्याच्या बाजूला जाऊन पडला. काकी बाजूला उभ्या राहून बघत होत्या.

मोटार वाइंडिंगला गेली. परत आली तेव्हा मेगरने ५० च्या वर दाखवले. मोटारीला १ मेगओहमच्या खाली आले तर ती चालवायची नाही, हा वायरमन मंडळींचा जुना नियम. मी तर ५ च्या खाली आले तरी मोटार वाळवायला लावतो. रॉड बदलून कोळसा-मिठाचा नवा खड्डा केला, उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचे ठरले, आणि ३० मिलीअँपिअरला तुटणारा स्विच बसवला. एक सावधगिरी: मेगरचे ५०० व्होल्ट झणझणीत झटका देतात, तेव्हा तपासताना तारेला हात नको आणि तपासल्यावर तारा अंगाला टेकवून साठलेली वीज उतरवावी. स्टार्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ड असेल तर ते सोडवल्याशिवाय मेगर लावू नये, कार्ड जळते. आणि हे काम परवानाधारक वायरमनला बरोबर घेऊनच करावे.

काट्याच्या मल्टिमीटरचाही एक गुण सांगतो. शेजारच्या चालू तारेमुळे तुटक्या तारेतही डिजिटल मीटर कधी कधी ८०-९० व्होल्ट दाखवतो. त्या भुताटकीने अनेकांचे दिवस वाया घालवले आहेत. काट्याचा मीटर काटा हलवायला थोडी वीज खातो, त्यामुळे ते भूत तिथेच विरते. उलट बारीकसारीक इलेक्ट्रॉनिक कामात डिजिटलच बरा. मी दोन्ही बाळगतो.

व्हॉल्व्हची जुनी यंत्रे मात्र वेगळी. ती थेट भिंतीच्या प्लगला लावू नयेत. आतले कंडेन्सर वर्षानुवर्षे झोपलेले असतात, एकदम जागे केले तर फुटतात. मी आधी ६० वॅटचा पिवळा दिवा सिरीजमध्ये लावतो. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. दिव्याची ही हुशारी मोठ्यांनीही वापरली आहे. अमेरिकेत हेवलेट आणि पॅकार्ड यांनी १९३९ साली कंपनी काढली, तेव्हाच्या त्यांच्या पहिल्या ऑसिलेटरमध्ये आवाज एकसारखा राहावा म्हणून एक छोटा दिवाच बसवलेला होता.

माझ्या ऑसिलोस्कोपला अजून हात लावलेला नाही. त्याच्या पडद्याच्या नळीत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात. जाणता माणूस शेजारी असल्याशिवाय तो उघडायचा नाही, असे मी सौ.ना वचन दिले आहे.

आता दरवर्षी दिवाळी झाली की पहिल्या रविवारी मेगर माळ्यावरून उतरतो. गेल्या खेपेस वाडीतले सात पंप तपासले, दोन वाळवायला काढले. काकांच्या गोठ्यात नवी म्हैस आली आहे, पाइपापासून लांब बांधलेली. सौ.नी सुपारीसाठी माळ्यावरची एक फळी मागितली आहे, आणि ऑसिलोस्कोप हलवल्याशिवाय ती कशी द्यावी याच्या विचारात मी आहे.