खाऱ्या पाण्याची टाकी : नवशिक्यांच्या अडचणी आणि उपाय

नांदेड-लातूरकडे रंगीत माशांचा धंदा म्हटला की गोल्डफिश, गप्पी, मॉली आणि एंजल एवढीच नावे डोळ्यांपुढे येतात. हे सारे गोड्या पाण्यातले मासे आहेत. पण २००३ साली आलेल्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटानंतर नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश घरोघरच्या मुलांना ठाऊक झाला. आता दुकानात येणारे मूल थेट 'निमो' मागते. दवाखाने आणि हॉटेलांचे मालकही खाऱ्या पाण्याच्या टाकीची चौकशी करतात. काही तरुण दुकानदार अशी टाकी मांडतात, गिऱ्हाइकाला विकतात, आणि महिनाभरात मासे मेल्याची तक्रार येते. गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात, दुकानदाराचे नाव जाते आणि मुक्या जिवांचा नाहक बळी पडतो. म्हणून या तक्रारी कोठून येतात आणि त्यांवर उपाय काय, हे आम्ही येथे क्रमवार मांडत आहोत. उदाहरणासाठी आम्ही दोन फूट लांबीची, सुमारे ६० लिटर पाण्याची टाकी धरली आहे.

पाणी कोणते वापरावे?

पहिली चूक येथेच होते. मराठवाड्यातील बोअरचे पाणी जड असते आणि पुष्कळ ठिकाणी त्यात नायट्रेटही जास्त असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. असल्या पाण्यात समुद्री मीठ घातले तर टाकी पहिल्या दिवसापासूनच आजारी राहते. त्यामुळे आर.ओ.चे पाणी घेण्यावाचून इलाज नाही.

पण घरचे आर.ओ. यंत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून पुष्कळ यंत्रांत थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची किंवा क्षार सोडण्याची सोय असते. टाकीसाठी ती बंद करावी लागते. वीस लिटरच्या जारचे पाणीही प्रत्येक प्लांटचे वेगळे असते. काही शे रुपयांत टी.डी.एस. मीटर मिळतो, तो दुकानात असलाच पाहिजे. मीटरचा आकडा शून्याच्या जवळ असावा. तो पन्नास-शंभर दाखवत असेल तर ते पाणी पिण्यास उत्तम, पण या टाकीस उपयोगाचे नाही.

मीठ आणि बाष्पीभवन

'मीठच घालायचे तर किराणा दुकानातले का नको?' असे गिऱ्हाईक विचारते. समुद्राच्या क्षारांत सुमारे ८५ टक्के भाग साध्या मिठाचा असतो. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादी क्षार येतात आणि समुद्री जिवांचे जगणे त्यांवरही अवलंबून असते. म्हणून मत्स्यालयासाठी तयार केलेले समुद्री मीठच घ्यावे. लिटरला सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे ६० लिटरला सव्वादोन किलोच्या आसपास मीठ लागते. ते वेगळ्या प्लास्टिकच्या टपात पूर्ण विरघळवून, एक दिवस पाणी खेळते ठेवून मगच टाकीत सोडावे. विशिष्ट घनता १.०२५ असावी. ती मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, कारण तरंगणारे स्वस्त मापक फसवते.

आता सर्वांत जास्त दिसणारी अडचण. आठवडाभरात पाणी कमी होते आणि माणूस वरून पुन्हा खारे पाणी ओततो. वास्तविक उडून जाते ते पाणी, मीठ टाकीतच राहते. हिशोब करून पाहा. ६० लिटर पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार होते. ६ लिटर पाणी उडाले तर उरलेल्या ५४ लिटरमध्ये हेच प्रमाण जवळजवळ ३९ ग्रॅम होते. त्यात ६ लिटर खारे पाणी भरले तरी ते ३८.५ ग्रॅमच्या खाली येत नाही. असे तीन-चार आठवडे चालले की मासे धापा टाकू लागतात, आणि दुकानदार बाटलीतले औषध शोधत बसतो. खरा उपाय साधा आहे. काचेवर बाहेरून पट्टी चिकटवून पाण्याची पातळी आखून ठेवावी आणि रोज त्या खुणेपर्यंत साधे आर.ओ.चे पाणी घालावे. खारे पाणी फक्त पाणी बदलताना वापरावे.

पहिले सहा आठवडे

टाकी मांडली, पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले, की दुसऱ्याच दिवशी मासे सोडण्याची घाई होते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांत आणि फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत अमोनिया साचत जातो. समुद्राच्या पाण्याचा पी.एच. ८.१ ते ८.४ असतो आणि एवढ्या पी.एच.ला अमोनियाचा विषारी अंश ७ पी.एच.च्या गोड्या पाण्यापेक्षा दहापटीहून अधिक असतो. गोड्या पाण्यात जी घाई खपून जाते ती येथे खपत नाही.

म्हणून माशांशिवाय टाकी चालू ठेवावी. रोज चिमूटभर खाद्य टाकावे आणि आठवड्यातून दोनदा अमोनिया व नायट्राइट तपासावे. दोन्ही आधी वाढून नंतर शून्यावर आले आणि तसेच राहिले, की टाकी तयार झाली असे समजावे. मग एकदम पाच मासे न सोडता दोन छोटे क्लाऊनफिश सोडावेत. एवढ्या टाकीला दोन मासे, एखादा झिंगा आणि दोन-चार गोगलगायी पुरेत. त्याच चित्रपटातला निळा 'डोरी' मासा मात्र छोट्या टाकीसाठी विकू नये. तो पुढे फूटभर वाढतो.

उन्हाळा आणि वीज

या टाकीचे पाणी २४ ते २७ अंशांत असावे आणि ३० अंशांच्या वर गेले की धोका सुरू होतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांपुढे जातो. शिवाय खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी प्राणवायू मावतो आणि पाणी तापले की तो आणखी घटतो.

महागडा चिलर प्रत्येकाला परवडत नाही. येथे मात्र आपली कोरडी हवा कामी येते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका लावला की बाष्पीभवनाने पाणी काही अंश थंड होते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय जेवढा चालतो त्यापेक्षा नांदेड-लातूरच्या कोरड्या उन्हाळ्यात अधिक चालतो. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पंख्यामुळे पाणी भराभर उडते, म्हणून खुणेपर्यंत पाणी भरण्यात एक दिवसही खंड पडू देऊ नये. आणि त्याच बंद खोलीत पाण्याचा कूलर चालू असेल तर हवा ओली होऊन पंख्याचा गुण कमी होतो, म्हणून खिडकी थोडी उघडी ठेवावी. टाकीवर ऊन मात्र येऊ देऊ नये.

वीज गेली की पंप थांबतो आणि पाण्यात प्राणवायू मिसळणे थांबते. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप प्रत्येक टाकीसोबत विकावा. बंद डब्याचा फिल्टर काही तास बंद राहिला तर आतले जिवाणू गुदमरतात आणि घाण पाणी साचते. वीज आल्यावर ते पाणी फेकून, फिल्टर टाकीच्याच पाण्यात विसळून मगच चालू करावा.

शेवाळ आले म्हणजे काय?

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काचेवर आणि वाळूवर तपकिरी भुकटी दिसते. नव्या टाकीत ती येतेच आणि बहुधा आपोआप जाते. घाबरून टाकी रिकामी करू नये. हिरवे केसाळ शेवाळ वाढत असेल तर खाद्य जास्त पडते आहे किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढले आहे असे समजावे. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच घालावे, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे आणि दिवा आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. लालसर बुळबुळीत थर दिसला तर तो नळीने ओढून काढावा आणि पाण्याचा प्रवाह वाढवावा. शेवाळ मारण्याच्या औषधांनी रोगाची खूण तेवढी पुसली जाते, रोग राहतो.

नवे मासे आणि पांढरे ठिपके

मुंबईहून मासे प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत, थर्मोकोलच्या पेटीतून रात्रभर प्रवास करून येतात. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचल्याने पी.एच. उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पी.एच. चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसू नये. बंद पिशवी १५-२० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे. विक्रेत्याला क्षाराचे प्रमाण आधीच फोनवर विचारून टपातले पाणी तेवढेच खारे करून ठेवावे आणि पिशवी उघडताच मासा त्यात सोडावा. पिशवीचे पाणी टाकीत ओतू नये.

नवा मासा तीन आठवडे या वेगळ्या टपातच राहू द्यावा. तो दगडाला अंग घासू लागला, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले, तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजावा. त्यावर तांब्याचे औषध चालते, पण ते त्या टपातच आणि मोजूनच द्यावे. मोठ्या टाकीत ते पडले तर झिंगे, गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. रोग मोठ्या टाकीत शिरलाच तर सारे मासे बाहेर काढून ती दोन-अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. टपाचा खर्च वाचवणाऱ्याला हा दंड पडतो.

याच कारणाने तांब्याच्या हंड्यातले किंवा कळशीतले पाणी टाकीला वापरू नये. डास मारण्याचा फवाराही टाकीच्या खोलीत मारू नये. माशांना आणि झिंग्यांना तो प्राणघातक ठरतो.

प्रवाळ आणि कायदा

गिऱ्हाईक पुढे प्रवाळ मागते. येथे दुकानदाराने फार सावध राहावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये २००१ साली खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखा आणि समुद्रघोडा यांचा समावेश झाला. आपल्या समुद्रातून काढलेले असे प्रवाळ, जिवंत असो वा वाळलेले, विकणे गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. परदेशातून आणलेल्या प्रवाळांपैकी जे आंतरराष्ट्रीय यादीत आहेत त्यांची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीनुसार वन खात्याकडे करावी लागते. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याचा माल घेऊ नये. सजावटीला सिरॅमिकचे सच्छिद्र दगड वापरावेत, जिवाणूंनाही ते उत्तम घर देतात. कायदेशीर प्रवाळही पहिले सहा महिने टाकीत घालू नये, कारण क्षार आणि तापमानाचे चढउतार त्याला माशाइतकेही सोसत नाहीत.

मासेही शक्यतो समुद्रातून पकडलेले न घेता पैदास केंद्रातले घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे. नवी मुंबईत ऐरोली येथेही मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो यांनी मिळून शोभेच्या सागरी माशांचे पैदास केंद्र उभे केले. असे मासे टाकीला आणि कोरड्या खाद्याला सरावलेले असतात, म्हणून कमी मरतात.

धंद्याचा हिशोब

या धंद्यात टाकीच्या विक्रीपेक्षा देखभालीची कमाई टिकाऊ असते. दवाखान्यातील डॉक्टरांना टाकी हवी असते, पण पाणी बदलायला सवड नसते. आठवड्याला एक फेरी, पाणी बदलणे, क्षार आणि अमोनिया तपासून वहीत नोंद करणे, असा महिन्याचा ठराव करावा. तक्रार आली की प्रथम चार प्रश्न विचारावेत. तापमान किती? घनता किती? अमोनिया किती? गेल्या आठवड्यात टाकीत नवीन काय गेले? बहुतेक दुखण्यांची मुळे या चार उत्तरांत सापडतात. उत्तर मिळेपर्यंत औषध देऊ नये.

भांडवलासाठी २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभेच्या माशांच्या संगोपनाला सर्वसाधारण गटास ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. अर्ज करण्यापूर्वी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात सध्याची स्थिती विचारून घ्यावी.

शेवटी पाण्याविषयी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरू नये. आर.ओ. यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकते. आमच्या उदाहरणातल्या टाकीला आठवड्याला पंधरा लिटर आर.ओ.चे पाणी लागले तर तीस-चाळीस लिटर बाहेर पडते. ते पिंपात साठवून फरशी पुसणे, भांडी घासणे यांसाठी वापरावे आणि हे गिऱ्हाइकालाही विक्रीच्या वेळीच सांगावे. ज्या वर्षी मांजरा धरणात पाणी नसेल त्या वर्षी नवी टाकी विकण्यापेक्षा जुन्या टाक्या सांभाळण्याचे काम घ्यावे. अशा दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पुन्हा येते.