जात्यावरची ओवी आणि मुंबईच्या रॅपवाल्या



घरातली पोरं मोबाइलवर भरभर बोलल्यासारखं जे गाणं ऐकतात, त्याला रॅप म्हणतात. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन २०२३ मध्ये टीव्हीवरचा ‘बिग बॉस’ जिंकला आणि रॅप गावोगाव माहीत झालं. आपण म्हणतो, “ही कसली गाणी, नुसती बडबड!” पण ही बडबड करणाऱ्या बायकांचाही एक गट आहे. आज त्याची ओळख करून घेऊ.

रॅप, ठेक्यावरचा नाच, भिंतीवरची चित्रं या सगळ्याला मिळून हिप हॉप म्हणतात. त्याची सुरुवात ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स या गरीब वस्तीत झाली, असं मानतात. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. तिने इमारतीच्या हॉलमध्ये तिकीट लावून कार्यक्रम ठेवला. तिचा भाऊ, डीजे कूल हर्क, याने रेकॉर्डी वाजवल्या. भावाचं नाव जगभर झालं; खटाटोप मात्र बहिणीचा होता.

पुढे रॅप पुरुषांचंच मानलं जाऊ लागलं. आपल्याकडेही तसंच. मग कोविडच्या काळात मुंबईत ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ हा फक्त बायकांचा गट उभा राहिला. क्रांतीनारी, हॅशटॅग प्रीती, एमसी महिला, प्रतिका, जेक्वीन ही त्यांची मंचावरची नावं. सोबत नाचणाऱ्या आणि भिंती रंगवणाऱ्याही आहेत. मराठी, हिंदी, तमिळ अशा आपापल्या भाषेत त्या गातात. लाडावलेल्या मुलग्यांवर ‘राजा बेटा’ नावाचं त्यांचं गाणं आहे.

हा गट स्वतंत्र आहे. म्हणजे काय? मोठ्या कंपनीने पैसा लावला की कोणते शब्द ठेवायचे, कोणते गाळायचे, हेही बहुधा तीच ठरवते. स्वतंत्र गटाला खर्च स्वतः उभा करावा लागतो. इंटरनेटवर गाणं टाकणं सोपं झालंय, पण ऐकणाऱ्यामागे मिळतात ते अगदी थोडे पैसे. म्हणून अनेक जण नोकरी सांभाळून गातात. त्या बदल्यात शब्दावर हुकूम मात्र स्वतःचा राहतो.

आपल्याला हे नवं नाही. जात्याच्या घरघरीवर बायकांनी सासर, माहेर, कष्ट, सगळं मांडलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. जात्याजवळ ऐकायला दुसरी बाईच असायची. या मुली तेच मंचावरून, माइकवर म्हणतात.

एक कामाची गोष्ट सांगते. तुम्ही स्वतः रचलेलं गाणं लिहून ठेवलंत की त्यावर तुमचा हक्क सुरू होतो. नोंदणीची सक्ती नाही. कुणी रेकॉर्ड करायला आलं तर कागद वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा सांगतो, की रेकॉर्डिंगचे इतर हक्क दिले तरी रॉयल्टीतला गीतकाराचा समान वाटा त्याच्याकडून कंपनीला लिहून घेता येत नाही.

गटात गाणी रचणाऱ्या बायका असतील, तर त्यांच्या गाण्यांची एक वही करा. प्रत्येक गाण्याखाली रचणारीचं नाव आणि तारीख घाला.