ऑक्टोबरचं पीक

कॅलिफोर्नियात सॅन मटेओहून हाफ मून बेला जाणारा ९२ क्रमांकाचा रस्ता डोंगर ओलांडून पॅसिफिकच्या किनाऱ्यावर उतरतो. ऑक्टोबरातल्या शनिवार-रविवारी त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. मागच्या सीटवर कुणी परी, कुणी स्पायडरमॅन, आणि भारतातून आलेले आजी-आजोबा असले तर तेही स्वेटर घालून तयार. हॅलोविन ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा, पण त्याआधीची कौटुंबिक सहल दिवसाउजेडी आणि भोपळ्याच्या शेतावरच करायची, असा आता अमेरिकेत रिवाज पडला आहे. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी घरांनीही तो उचललाय.

शेतावर पोचलं की पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर बसवून ट्रॅक्टर एक फेरी मारून आणतो. शेळ्यांना चारा घालता येतो, तट्टावर बसता येतं. मक्याच्या उभ्या पिकात वाटा कापून केलेल्या भुलभुलैयात बाबा लोक पोरांपेक्षा जास्त हरवतात. हे प्रकरण जुनं वाटतं, पण तसं नाही. असा पहिला आधुनिक भुलभुलैया १९९३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲनव्हिल गावी झाला. नंतर कॅलिफोर्नियातल्या डिक्सनच्या एका शेताने २०१४ मध्ये तब्बल ६० एकरांचा करून गिनीज बुकात नाव लावलं.

मग मुख्य काम, म्हणजे भोपळा निवडणं. ओळीने मांडलेले हजारो केशरी भोपळे, देठ शाबूत, अंगावर माती नाही. शेतीची थोडीफार जाण असलेल्या आजोबांना इथे शंका येते: वेल कुठाय? बरोबरच आहे. पुष्कळ ठिकाणी भोपळे आधीच तोडून फोटोसाठी मांडलेले असतात, काही तर दुसऱ्याच शेतावरून आणलेले. मला यात फसवणूक वाटत नाही. या भोपळ्याला १ नोव्हेंबरच्या सकाळी कुणी विचारत नाही. असल्या पिकाच्या भरवशावर, जमिनीचे भाव आभाळाला टेकलेल्या भागात, छोटा शेतकरी टिकायचा कसा? त्याने भोपळ्याऐवजी दिवस विकायला काढला. पार्किंग, तिकीट, ट्रॅक्टरची फेरी, गरम सायडर यांतून जे सुटतं ते भोपळ्यातून सुटत नाही.

कोरायचा भोपळा मुळात खाण्यासाठी नाहीच. आयर्लंडमध्ये लोक हॅलोविनला सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं अमेरिकेत आली, तेव्हा त्यांना कोरायला सोपा, मोठा भोपळा मिळाला. मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडेन या शेतकऱ्याने मग जाड देठाचा, ताठ उभा राहणारा वाण तयार केला. आजही कोरायला ‘हाउडेन’लाच मान. गर मात्र पाणचट आणि रेषाळ. त्याचे घारगे करायला घेतले तर गूळ कितीही घाला, चव लागत नाही. आपला लाल भोपळा, म्हणजेच डांगर, वेगळ्या जातीचा. गंमत अशी की अमेरिकेत डब्यात मिळणारा भोपळ्याचा गर बहुतांशी त्याच जातीच्या ‘डिकिन्सन’ वाणाचा असतो, आणि त्याची मोठी शेती इलिनॉयमध्ये आहे. दोन्ही जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या. कोरायच्या भोपळ्याचं कूळ तर मेक्सिकोत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाळलं. कॅलिफोर्नियाच्या शेतांवर तोडणीला वाकलेली माणसंही बहुतेक मेक्सिकोतूनच आलेली असतात. सहलीच्या फोटोंत ती दिसत नाहीत.

हाफ मून बेची खरी ख्याती राक्षसी भोपळ्यांची. १९७१ पासून इथे भोपळ्याचा उत्सव भरतो आणि त्याच्या आसपास वजनाची जागतिक स्पर्धा होते. २०२३ मध्ये मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंगर यांनी आणलेला भोपळा १,२४७ किलोंचा भरला. तो त्या वेळचा विश्वविक्रम. २०२५ मध्ये इंग्लंडच्या पेटन बंधूंनी तो मोडला. या भोपळ्यांचं मूळ बियाणं ‘अटलांटिक जायंट’, कॅनडातल्या विंडसर गावच्या हॉवर्ड डिल यांनी निवड करत करत सिद्ध केलेलं. त्याच विंडसरमध्ये माणसं पोखरलेल्या भोपळ्यात बसून वल्ही मारत तळ्यात शर्यत लावतात. लेकीकडून भोपळ्यात बसून परतलेल्या आपल्या म्हातारीला त्यात पहिला नंबर कुणी नाकारला नसता!

दिवस विकता विकता शेत कुठवर जाऊ शकतं, याचा नमुना दक्षिण कॅलिफोर्नियात आहे. ब्युएना पार्कमधल्या बेरीच्या शेतावर कॉर्डेलिया नॉट यांनी १९३४ मध्ये तळलेल्या कोंबडीचं जेवण द्यायला सुरुवात केली. रांगा लागल्या, तेव्हा ताटकळणाऱ्यांच्या करमणुकीसाठी पतीने, वॉल्टर नॉट यांनी, जुनं ओसाड गाव उभारलं. १९७३ पासून तिथे हॅलोविनच्या भुतावळीच्या रात्री सुरू झाल्या. आज ‘नॉट्स बेरी फार्म’ भलामोठा करमणूक पार्क आहे; शेत उरलंय ते नावात. महाराष्ट्रातही बारामतीकडे २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाची घडी बसवली आणि २०२० मध्ये राज्याने त्याचं धोरणही आणलं. आपल्या हुरडा पार्टीत अजून ज्वारी तरी खरी, त्याच रानातली असते. ती तशीच राहावी म्हणून नॉट यांची गोष्ट आपल्या शेतकऱ्यांनी ऐकून ठेवावी.

जायचंच असेल तर आठवड्यातला मधला दिवस धरा, सकाळी लवकर निघा; किनाऱ्यावर धुकं असतं, पायात जुने बूट हवेत. कोरलेला भोपळा थोड्याच दिवसांत बुरशी धरतो, तेव्हा सुरी शेवटच्या दोन दिवसांत काढावी. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले होते. असा योग आला तर दाराशी पणत्यांशेजारी भोपळाही ठेवता येतो, आणि चॉकलेटं मागायला आलेल्या पोरांच्या पिशवीत एखादी करंजीही पडते. घारग्यांसाठी मात्र शेतावरचा भोपळा नको, मेक्सिकन दुकानातून कालाबासा, म्हणजे आपल्या डांगराच्या जातीचा भोपळा, आणा.