सात माणसं आणि योआ

कॅनडाच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रातून अटलांटिकहून पॅसिफिककडे जायची एक वाट आहे. ती शोधायला १८४५ साली निघालेली फ्रँकलिनची दोन मोठी जहाजं बर्फात अडकली. १२९ माणसं गेली!

१९०३ मध्ये नॉर्वेचा अमुंडसेन निघाला. ‘योआ’ नावाची जुनी मासेमारी बोट आणि माणसं फक्त सात! तेही मध्यरात्री, सावकारांना चुकवून, बरं का! दोन हिवाळे किंग विल्यम बेटावर काढले. तिथल्या इनुइट लोकांकडून तो रेनडिअरच्या कातड्याचे सैल कपडे घालायला शिकला. लोकरीत घाम साचून गोठतो, यात नाही. मला तर हे शिकणंच मोठं वाटतं. मग बेटांमधल्या उथळ पाण्यातून, जिथे मोठं जहाज रुतलंच असतं, तिथून योआ सरकली आणि १९०६ मध्ये अलास्काच्या नोमला पोचली.