तुषारांचा गारवा कुठे, उकाडा कुठे?

एप्रिल-मे महिन्यांत नागपूर, अकोला, चंद्रपूर भागात माठातले पाणी गारेगार होते. तोच माठ मुंबईत किंवा रत्नागिरीत ठेवला, तर पाणी जेमतेम थंड होते. फरक असतो तो हवेतल्या बाष्पाचा. हॉटेलांची अंगणे, लग्नाचे मांडव, गोठे आणि पोल्ट्री शेड येथे वापरल्या जाणाऱ्या उच्च दाबाच्या मिस्टिंग पंपांनाही हाच नियम लागू पडतो.

या यंत्रणेतला पंप पाण्यावर साधारण ७० बार दाब देतो. ७०० मीटर खोल पाण्याच्या तळाशी असतो, तेवढा हा दाब. केसाएवढ्या बारीक छिद्राच्या नोझलमधून हे पाणी बाहेर पडते, तेव्हा त्याचे १० ते २० मायक्रॉनचे तुषार होतात. एक लिटर पाण्याचे २० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले, तर त्यांचे एकूण पृष्ठफळ ३०० चौरस मीटर भरते. म्हणूनच कोरड्या हवेत अंग भिजण्याआधीच त्यांची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून शोषली जाते. दीड टनाचा एसी तासाभरात जेवढी उष्णता खेचतो, तेवढी शोषायला सुमारे आठ लिटर पाण्याची वाफ पुरते.

मात्र हवा किती गार होऊ शकते, याला मर्यादा आहे. तापमापीच्या टोकाला ओले फडके गुंडाळून वारा घातल्यावर जे तापमान दिसते, ती ही मर्यादा. त्याला 'वेट बल्ब' तापमान म्हणतात. विदर्भात पारा ४३ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्के असताना ते सुमारे २३ अंश असते. किनारपट्टीवर ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ते २९ अंशांच्या आसपास राहते. म्हणजे पहिल्या ठिकाणी २० अंशांचा वाव आहे, दुसऱ्या ठिकाणी जेमतेम पाच. प्रत्यक्षात उघड्यावर यापेक्षा कमीच गारवा मिळतो.

आपले शरीरही याच युक्तीने थंड राहते. घामाची वाफ होताना अंगातली उष्णता निघून जाते. दमट हवेत किंवा दारे-खिडक्या बंद असलेल्या सभागृहात तुषार सोडत राहिले, तर आर्द्रता वाढते आणि घाम वाळत नाही. तापमापीचा पारा उतरलेला दिसतो, पण शरीराची उष्णता बाहेर पडणे अवघड होते. वृद्ध, लहान मुले, गर्भवती आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना हे लवकर बाधते. त्यामुळे आत ही यंत्रणा लावायची, तर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या किंवा एक्झॉस्ट पंखा सुरू हवा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. इतके बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसांत जाऊ शकतात. लिजिओनेला हा जिवाणू साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो आणि तुषारांतून श्वासात गेल्यास गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. १९८९ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा येथे अशी साथ आली. तिचा माग काढल्यावर तपास किराणा दुकानात भाजी ताजी ठेवण्यासाठी लावलेल्या तुषारयंत्रापर्यंत पोहोचला. उन्हात तापलेली टाकी आणि सुट्टीत बंद राहिलेली पाइपलाइन या जिवाणूच्या सोयीची असते.

म्हणून पंपाला पिण्यायोग्य पाणीच द्यावे. टाकी सावलीत व झाकलेली असावी. वापर नसताना पाइप रिकामे करावेत आणि काही दिवसांच्या खंडानंतर माणसे जवळ नसताना जुने पाणी काढून टाकावे. बोअरचे जड पाणी असेल, तर नोझल क्षारांनी बुजतात आणि थेंब मोठे पडू लागतात. खाली जमीन ओली दिसू लागली, की नोझल तपासावेत. नोझल स्वच्छ असूनही ओल राहत असेल, तर हवा आणखी बाष्प घ्यायला तयार नाही. अशा वेळी पंप बंद करून साधा पंखा लावलेला बरा.