यरुशलेमसाठी वर्गणी

इसवी सन ५५ च्या सुमारास प्रेषित पौल यरुशलेममधल्या गरीब ख्रिस्ती बांधवांसाठी वर्गणी गोळा करत होता. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला त्याने लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे ८ व ९ हे अध्याय त्याबद्दलच आहेत. सुस्थितीतल्या करिंथकरांनी वर्षापूर्वी तयारी दाखवली, पण काम रखडले. मासेदोनियातल्या हलाखीतल्या मंडळ्यांनी मात्र आपण होऊन दिले. पौल इथे दशांश मागत नाही, आकडाही ठरवत नाही. ख्रिस्ताने आपल्यासाठी गरिबी पत्करली, त्या कृपेला दिलेला प्रतिसाद म्हणजे दान; ते पुण्यसंचयासाठी नाही, भिडेखातर तर नाहीच. तरी करिंथ आणि मासेदोनिया इथल्या मंडळ्यांत थोडी चढाओढ लावायला पौल कचरत नाही, हेही खरे. पुढे मदत घेऊन तो यरुशलेमला गेला आणि तिथेच त्याला अटक झाली.